कॅबिनेटबरोबरचा फुकट एसएमपीएस चालेल का? (असेंबल पीसी, बजेट ५० हजार)

खामगावचा_मामा, शनिवार रात्री ९:१२

मंडळी, मदत पाहिजे. भाच्यासाठी पीसी असेंबल करायचाय. पोरगं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) शिकायचंय म्हणतं आणि मधूनमधून गेम (हे मधूनमधून त्याचं, ताईचं म्हणणं वेगळं आहे). मॉनिटर जुनाच वापरणार. आतापर्यंत ठरलंय ते असं, आय३ १२१००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड. इथपर्यंत सगळं गुण्यागोविंदानं झालं. आता दुकानदार म्हणतो २२००चं कॅबिनेट घ्या, त्यात ५०० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) फुकट येतो, वेगळा कशाला घेता. मी म्हटलं यूट्यूबवर तर सगळे ब्राँझवालाच (वीज कमी वाया घालवतो असं सर्टिफिकेट असलेला, त्याच्या वर गोल्ड) घ्या म्हणतात, तर म्हणे भाऊ पाचशे वॉट म्हणजे पाचशे वॉट, सोन्याचा घ्या नाहीतर पितळेचा, करंट तोच. वेगळा घेतला तर ४५० वॉट ब्राँझ २९००ला आणि ५५० ब्राँझ ३९००ला सांगतोय. त्यात माझा एक ऑफिसातला मित्र, तो म्हणतो ७५०च्या खाली घेऊच नको, पुढे पस्तावशील. म्हणजे फुकटपासून सात हजारांपर्यंत सगळं ताट समोर मांडलंय आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

फुकटचा_सल्ला, शनिवार रात्री ९:३०

७५० कशाला हो? घरात माणसं तीन आणि पातेलं लग्नातलं.

तिसरी_पिन, शनिवार रात्री ९:५१

त्या फुकटच्या डब्यावर स्टिकर असतो. त्यावर +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते वाचून इथे टाका. बाकी बोलणं त्यानंतर.

खामगावचा_मामा, रविवार दुपारी १:०५

दुकानात जाऊन फोटो काढला, दुकानदाराने जरा तिरकंच पाह्यलं. स्टिकरवर असं आहे: +३.३ व्होल्ट १८ अँपिअर, +५ व्होल्ट २२ अँपिअर, +१२ व्होल्ट १६ अँपिअर, -१२ व्होल्ट ०.५, स्टँडबाय ५ व्होल्ट २. मोठ्या लाल अक्षरात ५०० वॉट आणि त्याच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात मॅक्स.

तिसरी_पिन, रविवार दुपारी १:४०

आता कागद पेन घ्या मामा. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. तुमच्या पीसीला खरा उपयोग ह्याच आकड्याचा आहे, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही जवळजवळ सगळी पॉवर १२ व्होल्टवरूनच ओढतात. १२१००एफ टर्बोत ८९ वॉटपर्यंत जातो, आरएक्स ६६००चे १३२, झाले २२१. बोर्डावरचं व्हीआरएम (प्रोसेसरला लागेल तेवढं व्होल्टेज करून देणारं सर्किट) थोडं खातं, पंखे थोडं खातात, धरा २४०. म्हणजे २० अँपिअर पाहिजेत आणि डबा स्वतःच्या तोंडाने सांगतोय की १६ देईन. तेही खरे देईल तर.

आणि गंमत म्हणजे त्याच स्टिकरवरची सगळी बेरीज करून बघा. ३.३चे ५९, ५चे ११०, १२चे १९२, उरलेले दोन मिळून १६. कितीही ओढूनताणून केलं तरी ३८० वॉटच्या आत येतं. मग पाचशे आले कुठून? तेवढं अक्षर छापायला शाई होती म्हणून आले.

त्यात ३.३ आणि ५ व्होल्टवर इतके अँपिअर का दिलेत याला पण कारण आहे. पेंटियम ४च्या आधीचे प्रोसेसर ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टच्या लाईनीवर जगायचे. २००० साली पेंटियम ४ आला तेव्हा प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची वायर आली आणि तेव्हापासून सगळा भार १२वर सरकत गेला. हा फुकटचा डबा म्हणजे त्या आधीचं डिझाईन आहे, नवं स्टिकर लावलेलं. चांगला ४५०चा घ्याल तर त्यावर १२ व्होल्टला ३६-३७ अँपिअर लिहिलेले दिसतील, म्हणजे जवळजवळ सगळेच्या सगळे ४५० वॉट १२वर मिळतात.

बुधवारपेठी, रविवार दुपारी ३:१८

हे जरा जास्त घाबरवणं चाललंय. मी पुण्यात बुधवारात पासोड्या विठोबाच्या जवळ वीसएक वर्षं दुकानात बसलोय, असले कॅबिनेटबरोबरचे एसएमपीएस शेकड्याने बसवलेत. आठआठ वर्षं चाललेत. सीए लोकांची ऑफिसं, शाळा, झेरॉक्सवाले, सगळीकडे तेच आहेत. हल्ली यूट्यूब बघून येतात आणि टॅलीच्या मशीनला गोल्ड मागतात.

तिसरी_पिन, रविवार दुपारी ३:४४

दादा तुम्ही बसवलेले चालतात कारण टॅलीच्या मशीनला ग्राफिक कार्ड नसतं, ते मशीन कसंबसं ५०-६० वॉट घेतं. १९२ मधून ६० द्यायला त्याला काय जातंय. मामांचं मशीन त्याच्या चौपट घेणार आहे आणि तेही ब्लेंडरला रेंडर लावलं की तासन्‌तास. टॅलीसाठी मी पण गोल्ड घेऊ नका म्हणेन.

बुधवारपेठी, रविवार दुपारी ४:०२

ते मान्य. ग्राफिक कार्डवाल्याला मी पण तो देत नाही. फक्त दुकानदाराला लगेच चोर ठरवू नका, त्याला पण कॅबिनेट असंच खोक्यात येतं. आणि मामा, एक गोष्ट बघा, त्या फुकटच्या एसएमपीएसला ग्राफिक कार्डाची ८ पिनची वायर आहे का? नसणारच. मग तो तुम्हाला एक कन्व्हर्टर देईल, दोन मोलेक्स (जुन्या पद्धतीचे चार पिनांचे कनेक्टर) जोडून ८ पिन.

खामगावचा_मामा, रविवार दुपारी ४:१०

अहो ते तर त्याने दाखवलं पण! म्हणाला ८० रुपयाची वायर आहे, ती पण फुकट देतो.

सोल्डरचा_वास, रविवार संध्याकाळी ५:२५

नको नको नको. ती वायर घरात आणू पण नका.

कार्डाच्या ८ पिनमधून नियमाने १५० वॉट जाऊ शकतात, म्हणजे १२.५ अँपिअर. ८ पिनमध्ये त्यासाठी १२ व्होल्टच्या तीन वायरी असतात. मोलेक्समध्ये १२ व्होल्टची पिवळी वायर एकच, आणि स्वस्तातल्या एसएमपीएसमध्ये दोन्ही मोलेक्स एकाच वायरीवर माळेसारखे ओवलेले असतात, त्यामुळे दोन जोडले तरी मागून येणारी वायर तीच एक बारीक. माझ्याकडे रिपेअरला आलेल्या एका मशीनमध्ये ते पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन पिनेला चिकटलेलं होतं, पकडीने तोडून काढावं लागलं. मालक म्हणत होता गेम खेळताना मासळी जळाल्यासारखा वास येतो. तो वास लक्षात ठेवा सगळ्यांनी, ते प्लॅस्टिक आहे.

मोलेक्सवरून साटा (हार्डडिस्क-एसएसडीला वीज देणारा कनेक्टर) करणारे ओतीव प्लॅस्टिकचे कन्व्हर्टर पण तसलेच, आतल्या आत शॉर्ट होऊन जळतात.

ऑफिसातली_आयटीवाली, रविवार संध्याकाळी ६:५०

एक अवांतर, पण याच विषयातलं आहे म्हणून सांगते. कोणी सेकंडहँड एसएमपीएस घेणार असेल आणि तो मॉड्युलर असेल (ज्याच्या वायरी मागून काढता येतात तो), तर त्याच्याच वायरी मागून घ्या. दुसऱ्या कुठल्या एसएमपीएसच्या वायरी त्याला बसतात म्हणून लावू नका. बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणती पिन कुठे हे ज्याचं त्याचं वेगळं, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये पण वेगळं. आमच्याकडे एका हुशार ट्रेनीने ड्रॉवरमधली साटा वायर लावली, बरोबर बसली, खट आवाज पण आला. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले आणि एसएसडी खलास. डेटा कोणाचा होता ते विचारू नका, अप्रेझलच्या महिन्यातली गोष्ट आहे.

एडिसनकर, सोमवार पहाटे ४:३७

न्यूजर्सीवरून लिहितोय. मला वाटतं थोडे पैसे टाकून गोल्डच घ्यावा, बिलात वसूल होतो. मी इकडे गोल्डच वापरतो.

तिसरी_पिन, सोमवार सकाळी ८:१५

एडिसनकर, हिशोब करून बघूया. २३० व्होल्टसाठी ८० प्लसचा जो मापदंड आहे त्यात अर्ध्या लोडला ब्राँझला ८८ टक्के लागतात आणि गोल्डला ९२. आपल्याकडे एक फायदा हा की २३० व्होल्टवर सगळेच तुमच्याकडच्या ११५पेक्षा दोनेक टक्के बरे चालतात. मशीन २५० वॉट घेतंय असं धरलं तर ब्राँझ भिंतीतून २८४ ओढेल आणि गोल्ड २७२. फरक १२ वॉट. रोज ४ तास फुल लोड म्हटलं तरी वर्षाला १८ युनिट. दहा रुपये युनिट धरा, १८० रुपये. गोल्डला दोन हजार जास्त टाकले तर वसूल व्हायला अकरा वर्षं. तोवर भाच्याचं लग्न होऊन त्याचं पोरगं पीसी मागायला लागेल.

मात्र गोल्डवाले सहसा बाकीही बाबतीत चांगले बांधलेले असतात हे खरं, वॉरंटी जास्त, पंखा शांत. पण ते बिलासाठी घेऊ नका. आणि उलट पण लक्षात घ्या, ब्राँझचा बिल्ला म्हणजे फक्त वीज किती वाया जाते त्याचं सर्टिफिकेट, आत ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन आहे का, कपॅसिटर कसले आहेत, हे त्यात काहीच येत नाही. ते कळायला त्या मॉडेलचा रिव्ह्यू शोधावा लागतो, ज्यात लोड टेस्टर लावलाय असा. खोका उघडून रंग दाखवणारा नव्हे.

एडिसनकर, सोमवार सकाळी ८:४०

हिशोब पटला. १२ वॉटचं माहीत नव्हतं. एक धोक्याची सूचना मात्र माझ्याकडून घ्या. मी २००८ साली भारतात येताना भावासाठी इकडचा जुना पीसी घेऊन आलो होतो. मागे एसएमपीएसवर ते लाल सरकतं बटण असायचं, ११५ आणि २३०. ते ११५वरच राहिलं. सातारला वडिलांनी कौतुकाने स्वतःच्या हाताने स्विच चालू केला. आवाज लवंगी फटाक्याचा नव्हे, सुतळी बॉम्बचा. आई देवघरातून बाहेर आली.

सोल्डरचा_वास, सोमवार सकाळी ९:०५

हाहा. ११५वर ठेवलं की आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं, त्याला २३० दिले की आत साडेसहाशे व्होल्ट डीसी तयार होतात आणि समोर २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर. वाजणारच. हल्लीच्या अॅक्टिव्ह पीएफसीवाल्यांमध्ये (येणारी वीज आतलं सर्किट स्वतःच जुळवून घेतं असे) ते बटणच नसतं, १०० ते २४० आपोआप. पण मामा तुम्ही स्टिकर वाचालच तेव्हा हे बघा, काही मॉडेल फक्त २०० ते २४० अशी असतात, आपल्यासारख्या देशांसाठी स्वस्तात काढलेली. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज किती असतं?

खामगावचा_मामा, सोमवार दुपारी २:२०

स्टॅबिलायझरच्या काट्यावर संध्याकाळी १८५-१९० दिसतात, उन्हाळ्यात कूलर लागले की अजून खाली. आणि लाईटीचा भरवसा नाही, मेन्टेनन्सच्या दिवशी तर सकाळपासून नसते. घरात इन्व्हर्टर आहे, १५० एएच बॅटरी. त्यावर पीसी चालेल ना, की यूपीएस वेगळा घ्यावा लागेल? बजेट आता रडायला लागलंय.

तिसरी_पिन, सोमवार दुपारी ३:०२

मग १००-२४०वालाच घ्या, हा मुद्दा तुमच्यासाठी ब्राँझ-गोल्डपेक्षा मोठा आहे.

इन्व्हर्टरवर मागे किंवा पुढे एक स्विच असतो, यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड. इकोमध्ये लाईट गेल्यावर तो बॅटरीवर यायला इतका वेळ लावतो की पीसी रिस्टार्ट होतो. एसएमपीएसच्या आत मोठा कपॅसिटर असतो तो १६-१७ मिलिसेकंद धक्का झेलेल अशी अपेक्षा असते, स्वस्तवाले त्यातही काटकसर करतात. यूपीएस मोडला बदल लवकर होतो पण मग इन्व्हर्टर साधारण १८०च्या खाली व्होल्टेज गेलं की लगेच बॅटरीवर जातो, आणि तुमच्याकडे १८५ म्हणजे काठावरच. संध्याकाळभर टकटक करत बसेल. इन्व्हर्टर साईन वेव्हचाच आहे ना तेही बघा, स्क्वेअर वेव्हवाल्यावर चांगले एसएमपीएस गुणगुणतात, कधी बंदही पडतात.

वेगळा यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीएचा म्हणजे ६०० वॉटचा नव्हे, ३६०चा. तुमचं मशीन आतून २७० म्हणजे भिंतीतून ३१० धरा, मॉनिटरचे २५, झाले ३३५. काठावर आहे, दोन वर्षांनी बॅटरी म्हातारी झाली की लाईट जाताच धाडकन बंद. १००० किंवा ११०० व्हीए घ्या, तो ६०० वॉटच्या आसपास देतो. आता नाही झेपलं तर दिवाळीला घ्या, पण एसएमपीएसमध्ये वाचवून यूपीएस घेऊ नका.

गेमर_नंदुरबार, सोमवार संध्याकाळी ७:११

माझा पण पीसी गेम चालू केला की ५ मिनिटांनी बंद होतो आणि परत चालू होतो, एसएमपीएस असेल का, विंडोज नवीन टाकलं तरी तेच

फुकटचा_सल्ला, सोमवार संध्याकाळी ७:१५

नवीन धागा काढा. (एसएमपीएसच असेल. आधी टेम्परेचर बघा आणि मग मित्राचा एसएमपीएस एक दिवस लावून बघा. हिरवी आणि काळी वायर यू-पिनेने जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, तो फक्त जिवंत आहे एवढं कळतं. गेमच्या वेळी मल्टीमीटर लावून १२ व्होल्ट ११.४च्या खाली जातायत का ते बघा.)

पऱ्हाटी, सोमवार रात्री १०:२०

मामा, मी अकोल्याचा. एक गोष्ट पुण्यामुंबईवाले सांगणार नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ आणि खोलीत दुपारी ४० सहज, कॅबिनेटच्या आत ५०. स्वस्त एसएमपीएसचे वॉट २५ डिग्रीला मोजलेले असतात, कधी तर मोजलेलेच नसतात. घेताना ४० किंवा ५० डिग्रीला फुल लोड देईल असं कंपनीने लिहिलंय का बघजा. कपॅसिटर पण ८५ डिग्रीचे आणि १०५ डिग्रीचे येतात, आणि १० डिग्री कमी तापलं की आयुष्य दुप्पट असा ढोबळ हिशोब असतो. म्हणून मी काय केलं, ४५० पुरत होता तरी ५५० घेतला, अर्ध्या लोडवर चालतो, पंखा हळू फिरतो. आणि कॅबिनेट फरशीवर ठेवू नका, खाली पंखा असतो तो सगळा फुफाटा ओढतो. मी दोन विटा लावल्या आहेत. बायकोने त्याला रंग देऊन घेतला.

बुधवारपेठी, सोमवार रात्री १०:४८

५५० घ्या मामा, मी पण तेच म्हणणार होतो. हजार रुपयांचा फरक आहे पण बघा, ४५०च्या स्वस्त सिरीजना सहसा ३ वर्षं वॉरंटी असते आणि ५५०च्या ज्या बऱ्या सिरीज आहेत, कूलर मास्टरचा एमडब्ल्यूई ५५० ब्राँझ व्ही२ किंवा कॉर्सेअरचा सीएक्स५५०, त्यांना ५ वर्षं. ती दोन वर्षं हजार रुपयात स्वस्तच आहेत. उद्या कार्ड बदललं, आरटीएक्स ३०६० टाकलं समजा, ते १७० वॉट खातं, तरी चिंता नाही. बिल पक्कं घ्या, १८ टक्के जीएसटीसकट, आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. कच्च्या बिलात चारपाचशे वाचतील पण वॉरंटीच्या वेळी तो कागद भेळ बांधायच्या कामाचा.

खामगावचा_मामा, गुरुवार रात्री ८:३३

अपडेट. ५५० ब्राँझ घेतला, ५ वर्षं वॉरंटीवाला, १००-२४०. दुकानदाराने फुकटचा एसएमपीएस ठेवून घेऊन कॅबिनेटमधून ३०० रुपये कमी केले, म्हणजे फुकटची किंमत ३०० होती हे एकदाचं कळलं. पीसी चालू झाला, पोरगं खूश, रेंडरला डोनटचं चित्र लावलंय.

पण आता नवीनच भानगड. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. अनवाणी असलं तर जास्त. टेस्टर लावला तर टेस्टर पेटतो! दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, बघा, महागडा घेतला ना, माझ्या एसएमपीएसने कधी कोणाला करंट मारला नाही. आता मला काही बोलताच येईना.

सोल्डरचा_वास, गुरुवार रात्री ८:५०

खरं बोलतोय तो, आणि तरी चुकतोय.

चांगल्या एसएमपीएसमध्ये आत येतायेताच एक फिल्टर असतो, त्यात फेज आणि बॉडी, न्यूट्रल आणि बॉडी असे दोन छोटे निळे कपॅसिटर लावलेले असतात. आतला इलेक्ट्रिकल गोंगाट त्यातून अर्थिंगला जातो. अर्थिंग नसेल तर त्याला जायला जागाच नाही, मग बॉडी दोघांच्या मधोमध लटकते, २३०च्या निम्मे, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी क्षुल्लक असतो, एक मिलिअँपिअरसुद्धा नाही, म्हणून फक्त झिणझिण्या. स्वस्त डब्यात हे दोन कपॅसिटर बसवायची जागा बोर्डावर छापलेली असते, कपॅसिटर गाळलेले असतात आणि कॉईलच्या जागी साधी वायर टाकलेली असते. त्यामुळे तो मारत नाही. कुत्रा भुंकत नाही कारण कुत्राच नाही.

तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाहीये. एसएमपीएस ठीक आहे. आणि काही झालं तरी तो उघडू नका, बंद करून पिन काढली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरवर बराच वेळ तीन-साडेतीनशे व्होल्ट बसून राहू शकतात.

निवृत्त_वीजतंत्री, गुरुवार रात्री ९:२६

सोल्डररावांनी बरोबर सांगितले आहे. मी पुढचे सांगतो, कारण खरा अपघात पुढच्या पायरीला होतो.

उद्या तुम्ही स्थानिक वायरमन बोलवाल. तो सॉकेट उघडेल, बघेल की मधल्या जाड पिनेला वायरच आलेली नाही. आणि मग दोन मिनिटांत काम उरकण्यासाठी तो सॉकेटच्या आतल्या आत न्यूट्रलवरून एक तुकडा काढून अर्थच्या पिनेला जोडून देईल. झिणझिण्या त्याच क्षणी बंद होतील, तुम्ही त्याला दीडशे रुपये द्याल, चहा पाजाल. हे करू देऊ नका. कधीतरी ती न्यूट्रल मागे कुठे तुटली, किंवा मीटरजवळ कोणी फेज-न्यूट्रल अदलाबदल केली, की तुमच्या कॅबिनेटच्या पत्र्यावर सरळ २३० व्होल्ट येतील आणि ते मिलिअँपिअरमध्ये नसतील. माझ्या नोकरीत अशा दोन घरी मी पंचनाम्याला उभा राहिलेलो आहे. एका ठिकाणी कूलर होता, एका ठिकाणी फ्रीज.

तपासायचे असे. मल्टीमीटर एसी व्होल्टवर. फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ पण तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य आले तर आनंदू नका, आधी तो तुकडा आत आहे का ते बघा. बोर्डात आरसीसीबी (करंट गळतोय हे ओळखून वीज तोडणारा स्विच) नसेल तर ३० मिलिअँपिअरची बसवून घ्या, ती या कॅबिनेटसाठी नाही, घरातल्या माणसांसाठी.

खामगावचा_मामा, शुक्रवार सकाळी ७:५८

काका, तुम्ही काल लिहिलं नसतं तर आज हेच झालं असतं. वायरमन आला होता, सॉकेट उघडलं, पिनेला वायर नव्हती, आणि खिशातून वायरचा तुकडा काढलाच होता त्याने! मी म्हटलं थांबा, हे नाही चालणार, तर म्हणे सगळीकडे असंच करतो साहेब. घर १९८६चं आहे, आजोबांनी खड्डा केला होता परसात, त्यातली पट्टी वर ओढून पाहिली तर हाताने तुटली, नुसता गंज. तोवर पोराला सांगितलं, चप्पल घालून बस आणि कॅबिनेटला हात लावू नको.

पऱ्हाटी, शुक्रवार सकाळी ८:२०

चप्पल घालून ठीक आहे, पण अर्थिंग होईपर्यंत मशीन बंदच ठेवा ना. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तिथे जुना खड्डा असूनही नसल्यासारखाच.

निवृत्त_वीजतंत्री, शुक्रवार सकाळी ९:०४

बंदच ठेवा. नवा खड्डा घ्या, भिंतीपासून दीडेक मीटर तरी लांब, ओल राहील अशा जागी. जीआय पाईप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर फनेल आणि झाकण. किंवा तयार केमिकल अर्थिंगचा इलेक्ट्रोड मिळतो, महाग पडतो पण मिठाने पाईप खाण्याचा त्रास नाही. मुख्य म्हणजे खड्ड्यापासून बोर्डापर्यंत आणि बोर्डापासून त्या सॉकेटपर्यंत हिरवी वायर सलग आली पाहिजे. बरेच जण खड्डा भारी करतात आणि वायर मीटरजवळच संपवतात.

खामगावचा_मामा, शुक्रवार सकाळी ९:३१

मशीन बंद केलं, डोनट अर्धाच राहिला, पोरगं तोंड फुगवून बसलंय. रविवारी माणूस येतोय खणायला. परसात ओल राहते अशी जागा एकच आहे, तुळशीवृंदावनाच्या मागची. ताई विचारतेय तुळशीला रोज पाणी घालतेच, त्यातलंच तांब्याभर खड्ड्यात घातलं तर चालेल का.

निवृत्त_वीजतंत्री, शुक्रवार सकाळी ९:४०

उत्तम चालेल. उन्हाळ्यात दोन तांबे. फक्त मीठवाला खड्डा असेल तर तुळशीपासून चांगला लांब घ्या, नाहीतर तुळस जळेल आणि बोल मला लागेल.